थिकनेस प्लॅनरची पाती अचूक कशी बसवावीत

थिकनेस प्लॅनर, म्हणजे फळी रंधून सगळीकडे सारख्या जाडीची करणारे यंत्र. त्याची पाती काढून त्यांना धार लावून आणणे सोपे असते. ती पुन्हा कटर ब्लॉकमध्ये, म्हणजे पाती धरून फिरणाऱ्या दंडगोलात, बसवणे हेच जिकिरीचे काम आहे. यात तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. प्रत्येक पात्याची धार संपूर्ण लांबीभर कटर ब्लॉकच्या पृष्ठभागापासून सारख्या उंचीवर असावी लागते, सगळ्या पात्यांची उंची एकमेकांशी जुळावी लागते आणि बोल्ट पूर्ण आवळल्यानंतरही ही उंची जागची हलता कामा नये. नवशिके बहुधा पहिल्या दोन गोष्टींकडे लक्ष देतात आणि तिसऱ्या गोष्टीत फसतात, कारण घेतलेले मोजमाप बिघडते ते आवळतानाच.

सुरुवातीलाच आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पात्यांचे माप कटर ब्लॉकवरून घ्यायचे असते, टेबलावरून नव्हे. फळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघत असेल, तर एका टोकाकडून पाती थोडी वर उचलून तो दोष झाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास एका टोकाला पाते गरजेपेक्षा जास्त बाहेर निघते, फळी सरकवणारे रोलर आणि कापलेली फळी दाबून धरणारा प्रेशर बार यांच्याशी त्याचा मेळ राहत नाही आणि पुढच्या वेळी पाती बदलताना हाच घोळ पुन्हा निस्तरावा लागतो. पाती ब्लॉकला समांतर आणि टेबलही ब्लॉकला समांतर, हाच योग्य क्रम होय.

हा लेख गिब (पाते खाचेत दाबून धरणारी धातूची पट्टी) आणि बोल्ट यांनी धरलेली, पुन्हापुन्हा धार लावता येणारी लांब सरळ पाती असलेल्या यंत्रांसाठी आहे. काही लहान प्लॅनरमध्ये दोन्ही कडांना धार असलेली तयार पाती ब्लॉकवरच्या खुंट्यांमध्ये अडकवून बसवतात. तिथे उंची जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त बसण्याची जागा स्वच्छ असावी लागते. छोट्या चौकोनी पात्यांचा सर्पिल ब्लॉक असेल तरीही असेच समजावे.

किती अचूकता हवी

याचे उत्तर थोड्या गणितातून मिळते. समजा, ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेतो, त्यावर तीन पाती आहेत आणि लाकूड मिनिटाला ८ मीटर वेगाने सरकते. मिनिटाला १५,००० वेळा पाते लाकडावरून जाते, म्हणून दोन लागोपाठच्या खुणांमध्ये सुमारे ०.५३ मि.मी. अंतर पडते. एकच पाते इतरांपेक्षा वर असेल, तर शेवटचा पृष्ठभाग तेच घडवते आणि हे अंतर १.६ मि.मी. होते. धारेच्या वर्तुळाचा व्यास ६० मि.मी. धरला, तर १.६ मि.मी. अंतराच्या त्या लाटांची उंची जेमतेम ०.०१ मि.मी. भरते. याचाच अर्थ असा की, एखादे पाते बाकीच्यांपेक्षा ०.०१ मि.मी. पेक्षा अधिक वर असले की उरलेली पाती लाकूड काढत राहतात खरी, पण पूर्ण झालेल्या पृष्ठभागावर त्यांची खूण उरत नाही.

इतकी अचूकता हाताने साधणे जवळपास अशक्य आहे. मोठ्या कारखान्यांत फिरत्या ब्लॉकवर खास जोडणीत धरलेला दगड अलगद टेकवून सगळ्या धारा एका वर्तुळात आणतात. ती सोय यंत्रातच नसेल, तर हातात दगड धरून तसा प्रयत्न कधीही करू नये. साध्या कार्यशाळेत दोन पात्यांमधला फरक ०.०२ ते ०.०३ मि.मी. च्या आत आणणे हे चांगले काम समजावे आणि ०.०५ मि.मी. ही सोडण्याची शेवटची मर्यादा मानावी. त्यापेक्षा फरक वाढला की वरच्या पात्यावर भार जास्त येतो, त्याची धार आधी जाते, यंत्राचा आवाज ठोके पडल्यासारखा येऊ लागतो आणि लाटा बोटांनाही जाणवतात. मात्र सगळ्या खुणा नाहीशा होतील, अशी आशा पात्यांच्या जुळणीकडून धरू नये. जास्त गुळगुळीतपणा हवा असेल, तर शेवटच्या फेरीला लाकूड सरकण्याचा वेग कमी करणे हा सोपा उपाय आहे.

लागणारी साधने

डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) आणि त्याला ब्लॉकच्या गोलाईवर दोन्ही बाजूंनी टेकणारा पाया, एवढे असले की मुख्य काम भागते. गेजचे टोक सपाट असावे. टोकदार किंवा अगदी लहान गोळी असलेले टोक धारेवरून घसरते. काही यंत्रांबरोबर दोन पायांचा साधा सेटिंग गेज मिळतो, ज्याचे पाय ब्लॉकवर टेकतात आणि मधला भाग धारेला अडवतो. पाते अंदाजे जागेवर आणण्यासाठी तो उत्तम आहे, पण फरक किती उरला हे तो आकड्यात सांगत नाही. म्हणून मी आधी सेटिंग गेज आणि मग पडताळणीसाठी डायल गेज असे दोन्ही वापरावे, या मताचा आहे. याशिवाय योग्य मापाचा पाना किंवा ॲलन की, फीलर गेज, व्हर्निअर, पितळी ब्रश, राळ विरघळवण्यासाठी टर्पेंटाइन, कोरडी फडकी, कठीण लाकडाचा एक लहान ठोकळा आणि जाड चामडी हातमोजे जवळ ठेवावेत. पाना झिजलेला नसावा. बोल्टावरून घसरलेला पाना हाताला थेट धारेवर नेतो आणि या कामातल्या बहुतेक जखमा अशाच होतात.

पाती काढणे

यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्र थेट वायरिंगला जोडलेले असेल, तर मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. मग वरचे झाकण आणि भुशाचा नळ काढून ब्लॉक मोकळा करावा. ब्लॉक नेहमी पुलीने किंवा पट्ट्याने फिरवावा, पात्याला धरून कधीही नाही. ज्या पात्यावर काम चालू नाही त्याच्या धारेवर जाड टेप किंवा उभा चिरलेला रबरी नळीचा तुकडा बसवावा. बोल्ट फिरवताना ब्लॉक फिरू नये म्हणून यंत्रातला लॉक वापरावा. तो नसेल तर लाकडी पाचर मारावी.

बोल्ट सैल करण्याआधी त्याची रचना नीट पाहावी. पुष्कळ यंत्रांत गिबचे बोल्ट गिबमध्येच आट्यांनी बसलेले असतात आणि त्यांची डोकी खाचेच्या समोरच्या भिंतीवर रेटतात. अशा रचनेत बोल्ट गिबमधून बाहेर येऊ लागला की पकड घट्ट होते आणि गिबच्या आत गेला की ती सैल होते. नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर लावणारा माणूस इथे पाते सैल करण्याऐवजी आणखी आवळत बसतो आणि शेवटी बोल्टाचे डोके खराब करतो. आधी थोडा जोर देऊन कोणत्या दिशेला पकड सुटते ते पाहावे.

जुनी पाती काढण्यापूर्वी त्यांची उंची डायल गेजने मोजून लिहून ठेवावी. यंत्र आतापर्यंत नीट चालत असेल, तर तोच आकडा नव्या जोडणीसाठी सर्वांत विश्वासाचा ठरतो. गिब, बोल्ट आणि खाचा यांना मार्करने क्रमांक द्यावेत; प्रत्येक गिब आपापल्या खाचेतच परत जायला हवा. गिब आणि पाती यांचे वजन ब्लॉकच्या समतोलाचा भाग असते, म्हणून एका संचातल्या सगळ्या पात्यांना एकाच वेळी धार लावावी आणि परत आल्यावर ती वजनकाट्यावर तोलून पाहावीत. एकाच पात्याचा टवका उडाला म्हणून तेवढेच घासून अरुंद केले, तर ते वजनाला हलके होते आणि हजारो फेऱ्यांच्या वेगाला तो फरक कंपनाच्या रूपाने जाणवतो.

स्वच्छता

या टप्प्याला कंटाळून चालत नाही. खाचेचा तळ, तिच्या दोन्ही भिंती, गिबची दोन्ही अंगे आणि पात्याची पाठ यांवरची राळ टर्पेंटाइन लावून ब्रशने काढावी आणि सगळे कोरडे पुसावे. पात्याच्या मागे अडकलेला भुशाचा एखादा दाबलेला कण पाते मध्यभागी फुगवतो. मग टोकांवर माप बरोबर आणि मध्ये चूक असा प्रकार दिसतो आणि तो कितीही स्क्रू फिरवून जात नाही. पाते घर्षणाने धरले जाते, म्हणून त्याच्या आणि गिबच्या अंगावर तेल राहू देऊ नये. आटे खराब झालेला किंवा डोके गोल झालेला बोल्ट परत वापरू नये. त्याच ताकदीचा नवा घ्यावा.

पाते आत घालताना त्याची दिशा तपासावी. पात्याची सपाट बाजू फिरण्याच्या दिशेला पुढे आणि उतार दिलेली बाजू मागे असते. लाकूड ब्लॉकच्या खालून जाते आणि तिथे धारा लाकडाच्या समोरून येतात. त्यामुळे वरून उघड्या ब्लॉककडे पाहिल्यास वरच्या पात्याची धार लाकूड बाहेर पडण्याच्या बाजूला वळलेली दिसली पाहिजे. पाते उलटे बसले तर ते कापत नाही, नुसते ठोकत राहते, आणि हे धोकादायक आहे.

उंची जुळवणे

पाते ब्लॉकच्या पृष्ठभागाबाहेर किती निघावे हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक यंत्रांत ते १ मि.मी. च्या आसपास असते, पण आपल्या यंत्राचा आकडा तोच धरावा जो पुस्तिकेत आहे. पाते जास्त बाहेर काढल्याने कापणी चांगली होत नाही. उलट गिबचा आधार धारेपासून लांब जातो, कापणीचा झटका वाढतो आणि पाते सुटण्याचा धोका निर्माण होतो.

गेजचा पाया आधी ब्लॉकच्या कोऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे दोन पात्यांच्या मधल्या गोलाईवर, टेकवून काटा शून्यावर आणावा. मग पाया असा सरकवावा की गेजचे टोक धारेवर येईल, आणि पुलीने ब्लॉक किंचित पुढे-मागे झुलवावा. काटा चढत जातो, एका जागी क्षणभर थबकतो आणि पुन्हा उतरू लागतो. तो जिथे थबकला तोच धारेचा सर्वोच्च बिंदू आणि तेच खरे माप. ब्लॉक न झुलवता घेतलेले माप भरवशाचे नसते, कारण टोक धारेच्या थोडे पुढे किंवा मागे टेकले तरी काही शतांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो. अशी मापे डाव्या टोकापासून सुमारे २० मि.मी. आत, मध्ये आणि उजव्या टोकापासून तेवढेच आत, अशी तीन ठिकाणी घ्यावीत.

पात्याखाली उंची वाढवणारे स्क्रू असतील, तर गिबचे बोल्ट पाते हाताने हलणार नाही पण स्क्रूने सरकेल इतपतच धरावेत. स्क्रूच्या आट्यांमधले अंतर १ मि.मी. असेल, तर पाव फेऱ्यात पाते ०.२५ मि.मी. सरकते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पाचपट. शेवटच्या टप्प्यात ॲलन की फिरवायची नसते, तिच्या लांब टोकाला नुसता रेटा द्यायचा असतो. एक टोक वर नेले की दुसरे थोडे खाली झुकते, त्यामुळे दोन्ही टोके आळीपाळीने तपासत जावे. बहुतेक रचनांत हे स्क्रू पाते वर ढकलतात, खाली ओढत नाहीत. पाते गरजेपेक्षा वर गेले असेल, तर गिब सैल करावा, स्क्रू थोडा उतरवावा आणि लाकडी ठोकळ्याने पाते हलकेच दाबून स्क्रूवर टेकले असल्याची खात्री करावी. ते अधांतरी राहिले, तर चालू यंत्रात ते खाली बसते आणि सगळी जुळणी वाया जाते.

स्क्रूऐवजी खाली स्प्रिंग असतील, तर काम उलट्या पद्धतीने चालते. स्प्रिंग पाते वर ढकलते आणि सेटिंग गेजने ते खाली दाबायचे असते. गेजचे दोन्ही पाय ब्लॉकला पूर्ण टेकेपर्यंत दाब द्यावा, तसाच धरून दोन्ही टोकांचे बोल्ट हलके पकडावेत आणि मग गेज काढून डायलने पडताळणी करावी. या कामाला दोन माणसे असली तर फार सोपे जाते.

आवळणे

इथे घाई केली की अर्ध्या तासाची मेहनत दोन मिनिटांत जाते. एका पात्याचे सर्व बोल्ट एकदम पूर्ण आवळू नयेत. पुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला नसेल, तर मधल्या बोल्टपासून सुरुवात करून एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा असे टोकांकडे जावे आणि हे तीन फेऱ्यांत करावे: पहिल्या फेरीत नुसती पकड, दुसऱ्या फेरीत मध्यम जोर आणि तिसऱ्या फेरीत पूर्ण. महत्त्वाचे म्हणजे, पहिली फेरी सगळ्या पात्यांची पूर्ण करावी, मग सगळ्यांची दुसरी आणि मग तिसरी. एका खाचेतला दाब ब्लॉकच्या धातूला अतिशय किंचित का होईना वाकवतो आणि शेजारच्या खाचेतली पकड बदलतो. एक पाते पूर्ण आवळलेले आणि दुसरे सैल, अशा स्थितीत घेतलेल्या मापाला फारसा अर्थ नसतो.

प्रत्येक फेरीनंतर तिन्ही ठिकाणची मापे पुन्हा घ्यावीत. शेवटच्या फेरीत पाते थोडे सरकतेच. एका यंत्रात हा सरकाव बहुधा एकाच दिशेने आणि जवळपास तेवढाच होतो, म्हणून पहिल्या पात्याला तो किती झाला ते टिपून ठेवावे आणि पुढच्या पात्यांना तेवढी सूट आधीच द्यावी. ही युक्ती हाताशी आली की कामाचा वेळ निम्म्यावर येतो. पान्यावर लांब नळी चढवून जोर वाढवण्याची सवय मात्र कुठेही असली तरी इथे सोडून द्यावी. गिब वाकतो, आटे ओढले जातात आणि पकड वाढण्याऐवजी कमी होते. पुस्तिकेत आवळण्याचा टॉर्क दिला असेल, तर टॉर्क पाना वापरणे सर्वांत चांगले.

टोकांची मापे जुळतात आणि मध्ये ०.०५ मि.मी. पेक्षा जास्त फरक येतो, असे दिसले तर पाते पुन्हा काढावे. बहुतेक वेळा मागे कचरा सापडतो. तो नसेल तर पाते सपाट काचेवर ठेवून वाकले आहे का ते पाहावे.

टेबल आणि प्रेशर बार

पाती पूर्ण झाल्यावर टेबलाकडे वळावे. एकाच फळीतून काढलेले, तंतोतंत सारख्या उंचीचे दोन लाकडी ठोकळे टेबलाच्या डाव्या आणि उजव्या कडेला ठेवून टेबल वर आणावे, आणि ठोकळा व ब्लॉकचा कोरा पृष्ठभाग यांच्यातली फट फीलर गेजने मोजावी. दोन बाजूंतला फरक ०.१ मि.मी. च्या आत असल्यास टेबलाला हात लावू नये. जास्त असल्यास टेबलाच्या खांबांवरची किंवा साखळीवरची जुळणी पुस्तिकेप्रमाणे करावी.

रोलर, चिप ब्रेकर (पात्यांच्या आधी फळी दाबून धरणारी पट्टी) आणि प्रेशर बार यांची उंची धारेच्या वर्तुळाशी बांधलेली असते. सर्वसाधारणपणे लाकूड आत आणि बाहेर नेणारे रोलर धारेच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा अर्धा ते एक मि.मी. खाली असतात, तर प्रेशर बार त्या बिंदूच्या पातळीवर किंवा अगदी नाममात्र वर असतो. पाती आधीच्याच उंचीवर बसवली असतील, तर धार लावून ती अरुंद झाली तरी वर्तुळ बदलत नाही आणि या भागांना स्पर्श करण्याची गरज नसते. पाती आधीपेक्षा आत बसली, तर मात्र प्रेशर बार तुलनेने खाली येतो आणि फळी अर्ध्यात अडकून बसते. अशा वेळी लोक रोलरना दोष देतात.

चाचणी

सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, ब्लॉकवरची टेप, नळीचे तुकडे आणि पाचर काढावी, आणि हाताने पुलीचा पूर्ण फेरा देऊन कुठे घासत नाही ना ते पाहावे. झाकण लावल्यावर यंत्र मिनिटभर रिकामे चालवावे आणि त्या वेळी लाकूड आत-बाहेर जाण्याच्या रेषेत उभे राहू नये. नंतर यंत्र बंद करून, वीज तोडून बोल्ट पुन्हा बघावेत.

चाचणीसाठी गाठ नसलेली, यंत्राच्या किमान लांबीपेक्षा बरीच लांब अशी मऊ लाकडाची फळी घ्यावी, तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढाव्यात आणि अर्धा मि.मी. कापणी द्यावी. काही रेघा उरल्या तर अशीच आणखी एक फेरी द्यावी. रेघा सगळ्या गेल्या की पृष्ठभाग पूर्ण कापला गेला, असे समजावे. फळी खिडकीजवळ किंवा दिव्याखाली अशी धरावी की उजेड जवळजवळ समांतर पडेल, आणि पट्टी लावून १० मि.मी. मधल्या लाटा मोजाव्यात. वर दिलेल्या उदाहरणातल्या यंत्रात तिन्ही पाती अगदी सारखी असतील, तर तिथे सुमारे १९ खुणा पडायला हव्यात. ६ दिसल्या तर एकच पाते शेवटचा पृष्ठभाग घडवत आहे. आपल्या यंत्राचा वेग आणि फेरे घेऊन हा हिशेब स्वतः करावा. खुणा सहा असूनही बोटाला जाणवत नसतील, तर काम चांगले झाले असे मानायला हरकत नाही.

एका फळीच्या दोन कडांची जाडी व्हर्निअरने मोजावी. फरक आढळला तर आधी टेबल तपासावे, पाती नव्हेत, कारण ती डायलने तपासून झालेली आहेत. लांबीभर जाणारी एक बारीक उंच रेघ दिसली, तर एखाद्या खिळ्याने किंवा वाळूच्या कणाने सगळ्या धारांना एकाच जागी टवका पाडलेला असतो. खाचेत जागा असल्यास एक पाते मिलिमीटरभर बाजूला सरकवून बसवले की ती रेघ नाहीशी होते. पाते ब्लॉकच्या टोकाबाहेर मात्र येता कामा नये. फळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पडणारा खड्डा पात्यांमुळे नसतो. तो रोलर आणि टेबलाच्या जुळणीचा विषय आहे.

पहिल्या तासाभराच्या कामानंतर यंत्राची वीज तोडून सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. एखादा बोल्ट थोडा जरी फिरला, तर नुसता आवळून सोडू नये. त्या पात्याची तिन्ही मापे डायलने परत घ्यावीत आणि ती लिहून ठेवलेल्या आकड्यांशी जुळल्याशिवाय पुढची फळी घालू नये.